डोरीनच्या शेजारच्या काकू

मालतीकाकूंना इंग्रजी यायचं, पण फक्त प्रेमातलं. पोस्टात जाऊन तिकिटं मागायची झाली तर त्या मला सोबत नेत. मात्र 'तू गेल्यापासून माझं कशात मन लागत नाही', 'परत ये, मी वाट पाहतेय' असली वाक्यं त्यांच्या तोंडून इंग्रजीत घडाघडा बाहेर पडत. सिंगापूरला जुरोंग ईस्टच्या बाजारात मासेवाल्यानं भाव चढवून सांगितला की त्या छातीवर हात ठेवून म्हणत, "व्हाय यू हर्ट मी सो, डार्लिंग?" तो साठीचा चिनी गृहस्थ पहिल्यांदा नक्कीच गोरामोरा झाला असेल. मी पाहिलं तोवर चांगला सरावला होता. "आंटी, यू व्हेरी नॉटी लाह," म्हणत तो एक बांगडा जास्तीचा टाकायचा.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझा नवरा बोटीवर सेकंड इंजिनिअर, त्याची कंपनी सिंगापूरची. मला तिथल्या फ्लॅटमध्ये ठेवून तो महिनोन् महिने समुद्रावर असायचा. मी साताऱ्याची. मला नोकरीची परवानगी नव्हती, मूलबाळ नव्हतं, आणि दाराला दार लागून असलेल्या शेजाऱ्यांशी 'गुड मॉर्निंग'पलीकडे बोलणं नव्हतं. एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत कपडे वाळत घालताना खालच्या मजल्यावरून कुणातरी तरुण गोऱ्याचं रडवेलं गाणं वर आलं, आणि त्याच खिडकीतून कुळथाच्या पिठल्याचा वास. हातातला कपडा तसाच ठेवून मी जिना उतरले. दार उघडलं ते ठेंगण्या, पांढऱ्या अंबाड्याच्या बाईंनी. मी मराठीत बोलल्यावर त्या जराही चकित झाल्या नाहीत. "ये, बस. हे गाणं संपू दे, मग बोलू," एवढंच म्हणाल्या.

काकू देवगडच्या. लग्न होऊन एकोणीस-वीस वर्षांच्या असताना सिंगापूरला आल्या. काका सेंबवांगच्या ब्रिटिश नेव्हल बेसमध्ये भांडाराचे कारकून होते. बेसच्या बाहेर भाड्याच्या बैठ्या घरांची एक रांग होती, तिथं यांचं बिऱ्हाड. पलीकडच्या घरात एका गोऱ्या खलाशाची बायको राहायची, तिचं नाव डोरीन. तिचा नवरा बोटीवर गेलेला असायचा, आणि काका घरी असले तरी बोलत नसत. "दोघींचीही घरं मुकीच," काकू सांगत. "मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी येत नव्हती. पण तिच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता."

तो काळ विलायतेत नव्या गाण्यांच्या उसळीचा. केसांना तेल चोपडलेली पोरं गिटार बडवत गाऊ लागली होती. कुणी तर कपडे घासायच्या पत्र्यावर बोटं फिरवून ताल धरत. त्या आठवड्यात तिकडे कोणतं गाणं सर्वांत जास्त खपलं, पहिल्या नंबरावर कोण, दुसऱ्यावर कोण, हे रविवारी गोऱ्या सैनिकांसाठी चालणाऱ्या रेडिओवर लागायचं. डोरीन आणि काकू पायरीवर बसून ते ऐकत. पहिला नंबर कुणाचा, यावर पैज लागे. हरली की डोरीन केक करायची, काकू हरल्या की नारळाच्या वड्या. प्रत्येक ओळीचा अर्थ डोरीन हातवारे करून समजावून सांगे. विरह, भेट, रुसवा, चुंबनसुद्धा. काकूंचं इंग्रजी असं त्या पायरीवर घडलं. "आणि गंमत सांगू?" काकू म्हणत, "ती तबकडी बोटीतून आमच्याकडे पोचेपर्यंत तिकडे ते गाणं खाली उतरलेलं असायचं. आम्ही नाचायचो ते उतरलेल्यावरच. पण उतरलेलं गाणं जास्त जवळचं वाटतं गं. त्याला मग घाई नसते."

काकांना हे अजिबात खपत नसे. ते नाट्यसंगीतातले. "याला गाणं म्हणतात? याला पोटदुखी म्हणतात," हे त्यांचं ठरलेलं मत. ते घरात असताना काकूंनी कधी तबकडी लावली नाही. पुढे बेस बंद झाला, गोरे गेले, काका जुरोंगच्या एका गोदीत लागले आणि फ्लॅट मिळाला. काका वारले तेव्हा मुलगा ऑस्ट्रेलियात, पर्थला स्थायिक झालेला होता. मग काकूंना गाणी लावायची पूर्ण मोकळीक मिळाली, तरी आवाज त्या बारीकच ठेवत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ओरडणारं माणूस असलं तर मोठ्यानं लावण्यात मजा. आता कुणाला चोरून ऐकू?"

नंबर लावायची खोड मात्र त्यांना जन्माची लागली होती. दर रविवारी दुपारी मी खाली गेले की काकू आठवड्याचे निकाल जाहीर करत. "मासळीत पहिला नंबर हलवा. भांडणात पहिला नंबर चौथ्या मजल्यावरची सासू. गेल्या आठवड्यात सून होती, घसरली." मग जपून ठेवलेल्या छोट्या तबकड्यांतून त्या आठवड्याचं त्यांचं पहिलं गाणं लागे. त्या डोळे मिटून ऐकत आणि मध्येच शेरा मारत. "हा पोरगा रडत नाही, रडण्याचं सोंग करतो. पण सोंग मनापासून आहे." नेमक्या त्याच सुमारास पर्थहून मुलाचा फोन येई. "मम, यू ओके?" "आयम फाइन, डार्लिंग." तेवढंच. फोन ठेवून त्या सुई पुन्हा पहिल्यापासून लावत.

एके दिवशी काकूंना पेपर वाचून दाखवताना मला एक छोटी बातमी दिसली. पूर्वी बेसवर राहून गेलेली काही ब्रिटिश कुटुंबं जुन्या जागा बघायला सिंगापूरला आली होती आणि तांजोंग पगारजवळच्या एका हॉटेलात उतरली होती. मी वाचून पुढच्या बातमीकडे वळणार, तोच काकूंनी पेपरावर हात ठेवला. "त्यात डोरीन असेल का?" मी हॉटेलात फोन केला. डोरीन होती. शनिवारी दुपारी चहाला सगळे खाली जमतील, तेव्हा या, असं तिनं कळवलं.

त्या शनिवारी काकूंनी मोरपंखी रेशमी साडी नेसली. नारळाच्या वड्या करून स्टीलच्या डब्यात भरल्या. दोनदा साखरेचा पाक चुकला म्हणून दोनदा टाकून दिल्या होत्या. एम.आर.टी.च्या मेट्रोगाडीत त्या खिडकीकडे बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. "काय म्हणताय?" मी विचारलं. "तीस वर्षांत पहिला नंबर कुणाचा, असं विचारेन तिला. हसेल बघ."

डोरीननं त्यांना दारातच ओळखलं. उंच, गुलाबी, बॉबकट केलेली म्हातारी. "मॅली!" म्हणून ओरडली आणि तिनं काकूंना मिठी मारली. काकूंचे डोळे भरून आले. माझेही. मग काकूंच्या खांद्यावर हात ठेवून डोरीन टेबलाभोवतीच्या मंडळींकडे वळली आणि अभिमानानं म्हणाली, "ही आमची मॅली. आमची आमा. माझी पहिली मुलगी झाली तेव्हा मी अंथरुणाला खिळले होते, तर सगळं घर हिनं सांभाळलं. अशी माणसं आता मिळत नाहीत."

आमा म्हणजे गोऱ्यांच्या घरी पोरं सांभाळणारी, धुणीभांडी करणारी बाई. मला क्षणभर वाटलं, आपलं ऐकण्यात चुकलं. पण टेबलावरच्या बायका काकूंकडे बघून मायेनं माना डोलवत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "आमचीही फार गुणी होती." मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात काकूंनी माझं मनगट दाबलं. डोरीननं पिशवीतून कागदात गुंडाळलेली सुगंधी साबणाची पेटी काढून त्यांच्या हातात दिली. तशाच आणखी दोन-तीन पेट्या त्या पिशवीत दिसत होत्या. काकूंनी पेटी घेतली. डबा पुढे केला. डोरीननं एक वडी खाल्ली आणि "हो हो, आठवते ही!" म्हणाली.

मग काकूंनी विचारलं, अडखळत, "सण्डे... साँग्ज... नंबर वन... यू रिमेम्बर?"

डोरीन खळखळून हसली. "अगं बाई, ती भिकार गाणी! आता मला ऐकवतसुद्धा नाहीत."

काकूंनी मान हलवली. मग त्यांनी पाठ ताठ केली आणि स्वच्छ, सावकाश म्हणाल्या, "डोरीन. आय वॉज नॉट आमा. आय वॉज नेक्स्ट डोअर."

मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य, जे कोणत्याच गाण्यातलं नव्हतं.

"ऑफ कोर्स यू वेअर, डिअर," डोरीन म्हणाली आणि तिनं काकूंचा गाल थोपटला. तेवढ्यात सगळ्यांचा फोटो काढायला कुणीतरी हाक मारली. काकूंना तिनं पुढच्या रांगेत, आपल्या खुर्चीच्या बाजूला उभं केलं.

परत येताना गाडीत बसायला जागा मिळाली. बरीच स्टेशनं गेल्यावर काकू म्हणाल्या, "तिला वाईट म्हणू नकोस हं. तिनं सांगितलेली बाई खोटी नव्हती. ती पोर तीन आठवडे माझ्याच मांडीवर होती. तिच्या गोष्टीत मी आमा झाले, माझ्या गोष्टीत ती मैत्रीण. दोन्ही गोष्टी तीस वर्षं सुखानं चालल्या होत्या. भेटायलाच नको होतं." मग त्यांनी मांडीवरची साबणाची पेटी उलटीसुलटी केली. "म्हणजे जाताना तिनं तो रेकॉर्ड प्लेअर मला दिला, तोसुद्धा..."

त्यानंतर कित्येक रविवार खालच्या खिडकीतून गाणं आलं नाही. मी जायची, चहा प्यायची, परत यायची. निकालही बंद झाले होते. शेवटी एकदा मी म्हटलं, "काकू, लावा ना एखादं."

"तुला आवडतात ती? खरं सांग."

मी खरं सांगितलं. "नाही. सगळी सारखीच वाटतात. मी तुमच्यासाठी येते."

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "मग इतके दिवस माझी पोटदुखी कशाला सहन केलीस, मेले!" त्या दिवशी त्या पहिल्यांदा काकांबद्दल मनातलं बोलल्या. दर रविवारी काका पत्ते खेळायला जातो सांगून बाहेर पडायचे, पण जात कुणाकडेच नसत. जेट्टीवर एकटेच बसून राहायचे. ते काकूंना काका गेल्यावर कुणीतरी सांगितलं. "मी पायरीवर गाणी ऐकत होते आणि हे तिकडे एकटे," त्या म्हणाल्या. "एकदा बोलवायला हवं होतं. आले नसते. पण बोलवायला हवं होतं." पुढे कधीतरी गाणी परत सुरू झाली, पण आता मी वर असताना. मी खाली गेले की त्या बंद करत, आणि आम्ही बोलत बसत.

दोन वर्षांनी नवऱ्याला मुंबईत किनाऱ्यावरची नोकरी मिळाली. मला आनंद झाला, पण तो काकूंना सांगायला जिना उतरताना मी दोनदा मध्येच थांबले. त्या म्हणाल्या, "छान झालं. नवरा घरी आला की त्याला बोलतं कर. तो बोलला नाही तर तू गाणं लाव, त्याला न आवडणारं. निदान भांडेल."

चांगी विमानतळावर त्या आमच्याबरोबर टॅक्सीतून आल्या. सामान गेलं, नवरा कागदपत्रं घेऊन रांगेत उभा राहिला. आम्ही दोघी काचेच्या दाराजवळ होतो. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तिकडे कुणाला माझ्याबद्दल सांगशील, तेव्हा काय म्हणून सांगशील?"

मी म्हटलं, "मैत्रीण म्हणून."

"काकू नाही?"

"नाही. मैत्रीण."

"मग मालती म्हण एकदा. म्हणून बघ, जमतं का."

माझ्याहून तीस-पस्तीस वर्षांनी मोठ्या बाईला असं एकेरी हाकारणं माझ्या जिभेला वळत नव्हतं. तरी मी म्हटलं, "मालती, येते मी."

"ये." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "पण आता तू जा आणि मी बघत उभी राहते, असं नको. डोरीनला बोटीवर पोचवलं, पोराला पर्थला पोचवलं, ह्यांनाही पोचवलं. दर वेळी मीच मागे उभी. आज मी आधी जाते."

आणि त्या खरंच वळल्या. पाठ ताठ करून, गर्दीतून वाट काढत, खाली बस सुटते तिकडे चालू लागल्या. आत ये, म्हणून नवरा मला हाका मारत होता. मला माहीत होतं, त्या मागे बघणार नाहीत. तरीही मी काचेपाशी उभी राहिले. सरकत्या जिन्यावर त्यांचा पांढरा अंबाडा खाली खाली जात दिसेनासा झाला, तोवर.