रुमालाखालचं झुरळ

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. हे मी निपाणीच्या भर बाजारात उभं राहून सांगत आलोय, आता लिहूनही देतो. मी तंबाखूची पोती पाठीवर वाहत वर आलो आणि ज्या गल्लीत हमाली केली त्याच गल्लीत स्वतःची वखार बांधली. बेळगावापासून कोल्हापूरपर्यंतच्या दलालांनी मला गंडवायचा प्रयत्न केला. एकेकाला मी चहा पाजून रिकाम्या हातानं परत लावला. आणि जमलं कुणाला, तर रेल्वेतल्या एका पार्सलबाबूला, ज्याला उभ्या जन्मात कोथिंबिरीच्या जुडीवरूनसुद्धा घासाघीस करता आली नाही. भाजीवाली सांगेल तो भाव देऊन हा माणूस वर तिच्या गुडघेदुखीची चौकशी करून यायचा. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. झुरळ दिसलं की सगळं जग चप्पल शोधतं. आमचे व्याही डबा शोधायचे.

त्यांची नोकरी लोंढ्याला आणि घर बेळगावात, शहापूरला. मुरगाव बंदरात उतरलेला माल गोव्याच्या गाडीनं लोंढ्याला यायचा. आफ्रिकेकडून आलेल्या एका लाकडी खोक्यात त्यांना एकदा चार झुरळं सापडली. आपल्या मोरीतली नव्हेत. अंगठ्यापेक्षा लांब, चिंचोक्याच्या रंगाची, तशीच चकचकीत, पंख नसलेली, आणि बोट लावलं की स्टोव्हची हवा सोडल्यासारखी फुस्स करणारी. नराच्या मानेवर शिंगांसारखी दोन टेंगळं. ही मादागास्कर बेटावरची, असं कुणा गोवेकर खलाशानं सांगितलं. दुसऱ्या कुणी ती बुटाखाली घेतली असती. व्याह्यांनी आपला जेवणाचा डबा गाईला घातला, झुरळं त्यात ठेवली आणि दिवसभर उपाशी राहिले. तिथून जो प्रपंच वाढला त्याला अंत राहिला नाही. पण हे सगळं मला लग्नानंतर कळलं. स्थळ बघायला गेलो तेव्हा ‘घरात आम्ही तिघंच’ एवढंच सांगण्यात आलं होतं. मुलगा निर्व्यसनी, विहीणबाई देवमाणूस, अंगण सारवलेलं. भिंतीला लागून बिस्किटांचे डबे जरा जास्तच होते. मला वाटलं, खाऊन-पिऊन सुखी घर आहे.

बैठकीत गाडं अडलं वऱ्हाडाच्या आकड्यावर. लग्न निपाणीत, पंगती माझ्या. व्याह्यांना दीडशे माणसं आणायची होती, मला पन्नासाच्या वर एक नको होतं. चार लोकांत ताणाताणी शोभत नाही म्हणून मी आमच्या बाजाराची रीत काढली. आमच्याकडं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका भाव. पटलं की समोरच्याच्या तळहातावर मधोमध नख ओढायचं. नख ओढलं की मिटलं, मग आभाळ कोसळलं तरी सौदा फिरत नाही. एक बोट म्हणजे पन्नास माणसं, असं ठरवून मी रुमाल टाकला. व्याह्यांनी तीन बोटं धरली. मी एक धरलं. त्यांनी पुन्हा तीन धरली. मी पुन्हा एक, या खेपेला जरा दाबून. मग बराच वेळ आत काहीच हललं नाही. आणि मग माझ्या तळहातावर मधोमध नख ओढलं गेलं. मी रुमाल उडवून मोठ्यानं म्हणालो, “मिटलं! फोडा सुपारी.” व्याही नुसते हसले.

लग्नाच्या दिवशी दीडशे माणसं उतरली. लोंढ्याचा अख्खा मालधक्का आला होता. हमाल, सांधेवाले, सिग्नलवाले, फलाटावर पाणी पाजणारी म्हातारी, आणि तिची शेजारीण म्हणून आलेली आणखी एक म्हातारी. पहिल्याच पंगतीला बुंदी संपली. भात पुन्हा चढवावा लागला, शेजारच्या चार घरांतून पिठं गोळा केली, आणि माझ्या मांडवात माणसं पानावर बसून नुसतं मीठ चाखत राहिली. मी व्याह्यांचं मनगट धरलं.

“पन्नासावर मिटलं हुतं का न्हाय?”

“मी कुठं मिटवलं, पाव्हणं?”

“मग माझ्या हातावर नख कुणी वडलं? माझ्या आज्यानं?”

व्याह्यांनी कोटाच्या बाहीत दोन बोटं घातली आणि आतून एक झुरळ काढून माझ्या नाकासमोर धरलं. “त्या दिशी हे आत हुतं. थंडी लई, म्हणून उबंला ठेवलंतं. ह्येनंच पाय फिरवला असंल. मुकं जनावर हाय, त्येला बाजाराची रीत काय म्हाईत?”

झुरळ फुस्स म्हणालं. मांडव हसला. माझी सख्खी बायको हसली. आणि दुसऱ्या दिवसापासून निपाणीच्या बाजारात माझी जी शोभा सुरू झाली ती आजतागायत चालू आहे. मी कुणाच्या हातावर रुमाल टाकायला गेलो की मागून हाक यायची, “अण्णा, आदी बाही झटका!”

मुलीच्या घरी मूल होईपर्यंत बापानं पाणी पिऊ नये अशी आमच्यात जुनी चाल आहे. मी त्या चालीला माझी गाठ मारली. व्याह्यांच्या दारात उभा राहून सांगितलं, “मूल होऊ दे न्हायतर दहा होऊ देत. नख मीच वडलं असं तुमच्या तोंडानं कबूल करीपर्यंत ह्या घरचं पाणी मी पिणार न्हाय.” नऊ वर्षं मी निपाणीहून बेळगावला फिरकीचा तांब्या घेऊन गेलो. मध्ये मला नात झाली, चाल संपली, माझी गाठ संपली नाही. दर खेपेला माझी लेक पाण्याचं फुलपात्र घेऊन बाहेर यायची, मी माझा तांब्या पुढं करायचो, आणि ती ते फुलपात्र तुळशीत ओतून आत जायची. तिचं ते मागं वळणं मला दर खेपेला लागायचं. पण बोललो तो बोललो. व्याह्यांना त्याचं काही वाटलेलं दिसायचं नाही. म्हणायचे, “पाव्हणं, ही बगा, एका बशीतनं चाळीस जणं पाणी पित्यात.”

वर माझ्यासाठी दारात घंगाळ असायचं. सगळं जग घरात शिरताना पाय धुतं. मला कोपरापर्यंत हात धुवावे लागायचे, तेही राखेनं, तीनदा. “तंबाखूचा नुसता वास लागला तरी ही जनावरं मरत्यात,” व्याही सांगायचे, “तुमच्या हातापासनं धा हात लांब पळत्यात.” ज्या तंबाखूवर माझं घर उभं राहिलं ती माझ्या व्याह्यांच्या दारात विष ठरली. मी संतापून म्हणालो, “माझी पोर द्या, मी तिला घेऊन चाललो.” तेव्हा पोर आतून आली ती हातात भोपळ्याच्या फोडींची ताटली घेऊन. “आप्पा, जरा थांबा,” म्हणाली, “कॅसलरॉकनं सकाळधरनं काय खाल्लं न्हाय.”

कॅसलरॉक हे झुरळाचं नाव. व्याह्यांनी सगळ्यांना स्टेशनांची नावं दिली होती: गुंजी, आळणावर, तिनईघाट. ही झुरळं अंडी उघड्यावर घालत नाहीत, एकदम पांढरी पिल्लंच बाहेर येतात. तेव्हा व्याही मला कार्ड टाकायचे. एकदा माझ्या मुनिमानं भर वखारीत गिऱ्हाइकांसमोर वाचलं, “कॅसलरॉक काल रात्री बाळंत झाली. सव्वीस पोरं. सगळी सुखरूप. आपला आशीर्वाद असावा.” एक गिऱ्हाईक उठून गेलं ते परत आलं नाही.

आणि नुसती झुरळं असती तर मी एक वेळ सोसलं असतं. पावसाळ्यात सुट्टी काढून हा गृहस्थ जांबोटीच्या रानात जायचा. लोक तिथून मध आणतात, हे गोगलगाई, काडीसारखे किडे आणि वेटोळं करून बसणारे वितीएवढे पैसाकिडे आणायचे. एकदा परत आले तेव्हा दोन्ही पिंढऱ्यांवर जळवा लोंबत होत्या आणि हे ओसरीवर शांत बसून चहा पीत होते. मी तपकिरीची डबी काढली. चिमूट टाकली की जळू सुटते. त्यांनी माझा हात धरला. “असू दे, पाव्हणं. जेवत्या मानसाला पंगतीतनं उठवू ने.” जळवा पोटभर पिऊन आपोआप गळून पडल्या तेव्हा त्यांनी त्या पानात गुंडाळून परसात सोडल्या. पंगतीचा शब्द माझ्यासमोर काढायची त्यांना लाज वाटली नाही. दुसऱ्या खेपेला एक इंगळी पाठीवर पिल्लं घेऊन जात्याखाली बसली, तर ती उठेपर्यंत विहीणबाई चार दिवस शेजारी दळायला जात होत्या. मी विचारलं, “वहिनी, तुम्ही ह्या मानसाला काय म्हणत न्हाय?” त्या म्हणाल्या, “म्हणून बघितलं, अण्णा. पर ते ऐकूनबी हासत्यात.”

एक गोष्ट कबूल करायला हवी. नर झुरळांच्या कुस्त्या मी पाहिल्या आहेत. परातीत दोन नर सोडले की ते फुसकारत एकमेकांवर जायचे आणि शिंगांनी रेटारेटी करायचे. मागं सरकला तो हरला. मी लांब उंबऱ्यावर पाठ करून बसायचो. पण गुंजी आणि आळणावर यांची लागली तेव्हा मी कधी वळलो, कधी उठलो आणि कधी “अरं रेट! कमरंत वाक!” म्हणून ओरडलो ते मला कळलं नाही. भानावर आलो तर व्याही परातीकडं न बघता माझ्याकडं बघत होते. मी तांब्यातलं पाणी पिऊन घरी निघालो.

गेल्या वैशाखात ते माझ्याकडं निपाणीला आले. पेन्शन झाली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, मिरजेला ऑपरेशनला जायचं होतं. विहीणबाई सोबत जाणार, जावयाची बदली धारवाडला झालेली, लेक तिकडं बिऱ्हाड लावायला गेलेली. काखेत सुतळीनं बांधलेला मोठा पत्र्याचा डबा होता. तो त्यांनी जोत्यावर ठेवला, कोट काढून खुंटीला अडकवला आणि बिनबाह्यांच्या बंडीत माझ्यासमोर बसले.

“पाव्हणं, हेंच्याकडं तेवढं बगाल का?”

“तंबाखूच्या घरात?”

“देवघरात तंबाखू न्हाय.”

डबा उचलून परत त्यांच्या काखेत द्यायला मी हात पुढं केला. पण त्यांचे डोळे माझ्या आवाजाच्या रोखानं नुसते चाचपडत होते. मी खांद्यावरचा रुमाल काढून त्यांच्या हातांवर टाकला. एक बोट म्हणजे एक दिवस. त्यांनी दहा धरली, मी पाच धरली, त्यांनी आठ धरली, आणि मी ती सोडवून घ्यायच्या आत त्यांनी माझ्या तळहातावर नख ओढलं. मिटलं. आठ दिवस.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाली, त्यांना दिसायला लागलं असं कार्ड आलं. त्यात शेवटी “तिनईघाटला केळ्याची साल देऊ नये, पोट बिघडतं,” असंही होतं. आणि सहाव्या दिवशी ताप येऊन ते गेले. मी बेळगावला गेलो, खांदा दिला, बाराव्याला पुन्हा गेलो. तांब्या नेला होता. लेकीनं सवयीनं फुलपात्र आणलं आणि सवयीनं तुळशीत ओतलं. मेलेला माणूस काय कबूल करणार?

डबा राहिला माझ्याकडं. तो मी परत देणार होतो, पण तेव्हा दोन झुरळं बाळंत झाली आणि अशा दिवसांत त्यांना हलवायचं नसतं. आता देवघरात देवांच्या डाव्या हाताला चार डबे आहेत. मी रोज पहाटे राखेनं कोपरापर्यंत हात धुतो, तीनदा, आणि त्यांना गाजर, कोंडा नि गुळाचा खडा घालतो. बायको विचारते, “आदी देवाला का आदी ह्येंना?” मी सांगतो, देव थांबतो, हे फुसकारतात.

एके दिवशी कॅसलरॉक माझ्या तळहातावर चढली. नऊ वर्षांत मी त्यांतल्या एकालाही हात लावला नव्हता. ती सावकाश चालत गेली आणि मी हात तसाच धरून ठेवला. झुरळाचे सहा पाय असतात. ते कातडीला बारीक आकड्यांनी धरत चालतात. हातावर गोखरू घरंगळावं तसं लागतं. नख एक रेघ ओढतं, सरळ. तीस वर्षं रुमालाखाली हात घालणाऱ्या माणसाला रेघ आणि पाय यांतला फरक नऊ वर्षं कळला नाही! आणि जी जनावरं माझ्या हातापासून दहा हात लांब पळतात, त्यांतलं एक बैठकीच्या दिवशी राखेनं न धुतलेल्या माझ्या तंबाखूच्या तळहातावर आपणहून येईलच कसं? त्या वैशाखातली रेघ मला आठवली. तशीच, तिथंच, तितकीच हलकी. तेव्हा अंगात बाही नव्हती. डबा जोत्यावर होता, सुतळीला दोन गाठी होत्या.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं बेळगाव गाठलं. लेक विहीणबाईंना धारवाडला न्यायला आली होती, सामान बांधत होती. मी तांब्या नेला नव्हता. “पाणी आण गं,” म्हटलं.

तिनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. “आप्पा, मामंजी कबूल झाले व्हय?”

“झाले.”

“कधी?”

“निपाणीत. जायच्या आदी.”

फुलपात्र रिकामं करून मी तिच्या हातात दिलं. ती तोंड फिरवून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पण एवढ्यानं माझं भांडण मिटलं असं कुणी समजू नये. पाव्हणं, पन्नासावर तुम्ही मिटवलं होतं. मग मालधक्क्यावरच्या एकेका माणसाला ‘तू येऊ नको’ म्हणायची वेळ आली आणि तुमची जीभ उचलली नाही, हेही मला आता दिसतं. माझी बुंदी मी सोडली. बाजारातली माझी शोभा सोडली. पण ज्याला फुसकारण्यापलीकडं बोलता येत नाही त्याच्या माथी तुम्ही नऊ वर्षं आळ ठेवलात, आणि त्याची नातवंडं-पतवंडं आज माझ्या हातचं खातात. त्यांना मी काय सांगू? असाल तिथनं जाब द्या. आणि नख ओढून आठ दिवस म्हणाला होता, पाव्हणं. त्याचाही द्या.