जमिनीला विचारणारे यादोराव

यादोराव मडावींना एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्यानं खुशाल सांगावं. सिहोऱ्याकडच्या त्यांच्या वस्तीत, गोंडटोल्यात, ते भूमक, म्हणजे गावदेवाचे पुजारी. घर असो की गोठा, पाया खोदण्याआधी जमिनीला विचारायचं, हा टोल्याचा कायदा. आणि विचारायचे ते यादोराव. सात-सात तांदळांच्या तीन ढिगल्या मांडायच्या, वर पळसाचे द्रोण पालथे घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडेस्तोवर कुणी तिकडे फिरकायचं नाही. ढिगल्या शाबूत तर बांधा, दाणे विखुरले तर जागा सोडा.

यंदा विचारायचं होतं अंगणवाडीसाठी. ती चालवायची त्यांची सून सरिता. पाच वर्षं लेकरं मंदाबाईच्या गळक्या ओसरीत कोंबलेली. मंगळवारी दहाला इंजिनिअर आखणीला येणार होता. सोमवारी संध्याकाळी ढिगल्या मांडून झाल्या, पण यादोरावांना कुठला धीर? उजाडता उजाडता निघाले, ‘लांबूनच पाहतो’ म्हणत पार जवळ गेले आणि मधला द्रोण उचलून बसले. दवानं ओल्या पानाला दाणे चिकटून वर आले नि मातीत सांडले. त्यांनी घाईघाईनं सात वेचले, मांडले, झाकले.

दहाला सगळ्यांसमोर द्रोण उघडले. तिन्ही ढिगल्या शाबूत. सरिता हसली, इंजिनिअरनं खुट्या ठोकून टेप सोडला. यादोरावांचं मात्र या पायावरून त्या पायावर चाललेलं.

“मामाजी, मुंग्या चावून राहिल्या का?” सरितेनं विचारलं.

“मधली ढिगली माह्या हातची हाय,” ते म्हणाले. “जमिनीनं काय सांगतलं, मले मालूम नाही.”

इंजिनिअर टेप गुंडाळत म्हणाला, “शुक्रवारपर्यंत थांबतो. मग हे काम दुसऱ्या गावाला जाईल.”

पंच भैय्याजींनी डोकं खाजवलं. “नेम मोडला, यादोरावजीले आता इचारता येत नाही. मंग इचारील कोन?”

“मी,” सरिता म्हणाली. “अन् मामाजीले कडी लावून घरात ठेवीन.”

तसंच केलं तिनं. बुधवारी सकाळी यादोरावांच्या खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा येरझारा चालल्या होत्या. ऊन चांगलं वर आलं तेव्हा कुठं कडी निघाली.

“दोन ढिगल्या बिखरल्या,” सरिता म्हणाली.

“कोनी पाह्यलं?”

“मी एकटीनंच. तुमच्यावानी मलेही सात येचता आले असते.” ती उंबऱ्यावर टेकली. “खुट्या उपटून आनल्या. अजून दोन दिवस हायेत, मामाजी. दुसरी जागा दाखवा.”

एका पायात चप्पल घालून यादोराव तोवर अंगणाबाहेर पडलेसुद्धा.