खाजामियाँची हाक

सरकारदरबारी गावाचं नाव मोमिनाबाद, पण लोकांच्या तोंडी ते आंबाच. त्या आंब्यात खाजामियाँच्या दमणीतून, म्हणजे पडद्याच्या बैलगाडीतून, जो पोरपणी कधी फिरला नाही, त्याचं पोरपण फुकट गेलं असं खुशाल समजावं. दसरा सरला, वाटांवरचा चिखल वाळला, की बायका घरच्या पुरुषांच्या मागं टुमणं लावायच्या, आणि पुरुष खाजामियाँच्या दारात येऊन उभे राहायचे. मग कुणाची गाडी हत्तीखान्याकडं निघायची. तिथं दगडी हत्तींच्या पाठीवर बसून पोरं उन्हं कलेपर्यंत उतरायची नाहीत. कुणी जयंती नदीच्या काठाला जायचं, कुणी कोजागिरीला डोंगराच्या कडेला. आणि कार्तिकात तर विचारूच नका. घाटनांदूरच्या वाटेवर भगवानरावांचा मळा होता, तिथं जुनी आवळी. तिच्या सावलीत पत्रावळी मांडून जेवल्याशिवाय आंब्यातल्या बायकांचा कार्तिक पार पडत नसे.

खाजामियाँला स्वतःचं मूल नव्हतं. त्याची बायको जाहेदा गाडीत अंथरायला गोधडी काढून द्यायची आणि सोबत फुटाण्यांची पिशवी. पिशवी लोकांच्या लेकरांसाठी. वाटेत तो फुटाणे वाटायचा, राजा आणि वजीर या आपल्या दोन बैलांची भांडणं लावून द्यायचा, म्हणजे वजिराच्या तोंडून राजाला शिव्या द्यायचा, आणि पोरं हसून लोळायची. आयांना ते फारसं आवडत नसे. पण पोरं गाडीत चढताना भांडायची ती खाजामियाँच्या शेजारच्या जागेसाठीच.

म्हातारपणी मात्र या माणसाला एक खोड जडली. फिरून परत निघताना तो गाडीतल्या थोरांनाही नुसत्या नावानं हाका मारायचा. नातवंडं असलेल्या बाईला "चल रुक्मिणी, घरी चल" म्हणायचा, आणि ती "आले" म्हणेपर्यंत बैल हलवायचा नाही. नव्या मंडळींना राग येई. जुनी मंडळी गुपचूप ओ द्यायची, कारण ती खोड कुठून आली ते त्यांना ठाऊक होतं.

पोरांना हाक मारायची रीत तशी सगळ्यांचीच होती. लेकरू रानात जातं, पळतं, पडतं, रडतं, हसतं, आणि त्याचा थोडा जीव तिथं गुंतून राहतो. म्हणून जागा सोडताना त्याला नावानं बोलवायचं, आणि त्यानं आपल्या तोंडानं "आलो" म्हणायचं. मग गाव जवळ आलं की शिवेच्या दगडापाशी गाडी थांबवायची, भाकरीचा तुकडा लेकरांवरून ओवाळून टाकायचा, म्हणजे मागं मागं जे काही आलं असेल ते शिवेबाहेर राहतं. हाक खरं तर घरच्या म्हातारीनं मारायची. पण खाजामियाँचा आवाज मोठा, म्हणून त्याच्या गाडीत ते काम त्याच्याकडं आलं. मौलवीसाहेबांनी एकदा हटकलं, तेव्हा तो म्हणाला, लोकांची लेकरं आहेत, मोजून परत नको का न्यायला.

त्या खोडीची गोष्ट सुरू झाली ते साल मानमोडीच्या तापाच्या साथीचं होतं. खेडोपाडी माणसं पटापट मेली. कार्तिक लागला तशी आंब्यात साथ ओसरली असं लोक म्हणू लागले. घरात कोंडून आंबलेल्या बायकांना तेवढं पुरे होतं. तहसिलीतले कारकून सुंदरराव यांच्या घरची मंडळी आवळीखाली जेवायला निघाली. सुंदररावांची बायको केसरबाई, मुलगा शहादेव, धाकटी गोदी, आणि शेजारपाजारची पोरं. शहादेवाची जागा ठरलेली, खाजामियाँच्या शेजारी, हातात कासरा. पण त्या दिवशी त्यानं कासरा मागितला नाही.

जेवणं झाली. पोरांनी आवळे पाडले, ओढ्यात पाणी उडवलं. उन्हं उतरली तसा खाजामियाँ गाडीपुढं उभा राहून हाका मारू लागला. एकेक पोर "आलो", "आले" करत येऊन चढलं. राहिला शहादेव. खाजामियाँनं पडदा उचलून पाहिलं तर तो केव्हाच गाडीत येऊन गोधडीवर झोपला होता. गाल लालबुंद झाले होते. लेकरू दमलं, कशाला उठवायचं, असं त्याच्या मनात आलं. गाडीत बसलेल्याला काय हाक मारायची? त्यानं पडदा सोडला आणि बैल हाकले.

पौर्णिमेच्या आत शहादेव गेला.

जाहेदानं नवऱ्याला लाख वेळा समजावलं, की लेकरू झोपलं होतं ते तापानं, ताप अंगात आधीच होता, तुमच्या हाकेनं काय थांबणार होता. खाजामियाँ मान हलवायचा. पण त्याला ते पटलं नाही आणि कधीच पटणार नव्हतं. मळ्यावरून गाडी निघाली की राजा आणि वजीर आवळीसमोर आपोआप थांबायचे. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. खाजामियाँ खाली मान घालून बसायचा. झाडाखाली कुणी नसे, वाळकी पानं तेवढी. तरी कुणीतरी तिथं उकिडवं बसलं आहे, आपली हाक येण्याची वाट बघत आहे, असं त्याला अगदी स्वच्छ वाटायचं. वर्षभर त्यानं ते कुणाला सांगितलं नाही.

सांगायची गरजही नव्हती. केसरबाईनं तेच धरलं होतं. तिन्हीसांजेला ती ओट्यावर येऊन घाटनांदूरच्या वाटेकडं बघत राहायची. कुणी काही विचारलं तर म्हणायची, माझा शहादेव आवळीखालीच राहिलाय, त्याला कुणी बोलावलंच नाही. खाजामियाँला तिनं एका शब्दानं दोष दिला नाही, आणि त्यामुळंच त्याला तिच्या दारावरून जाववेना.

पुन्हा कार्तिक आला. सुंदरराव स्वतः येऊन सांगून गेले, की तिला आणि गोदीला तेवढं फिरवून आणा, घरात बसून तिचं डोकं फिरायची वेळ आली आहे. ते बरोबर आले नाहीत. त्यांना ते झाड बघवत नव्हतं.

म्हणून त्या दिवशी दमणीत दोघीच होत्या. केसरबाईनं शिदोरीत शहादेवाला आवडायची तूप-गूळ लावलेली भाकरी घेतली होती. आवळीखाली दोघींसाठी तिनं तीन पत्रावळी मांडल्या. गोदी एकटीच ओढ्याकडं पळाली, थोडा वेळ खेळली, मग कंटाळून परत आली. गेल्या साली कसा गलका होता इथं! आता आवळा पडला तरी ऐकू येत होता. तूप-गुळाची भाकरी केसरबाईनं तशीच फडक्यात बांधून ठेवली. ऊन उतरलं तशी ती उठून खाजामियाँपुढं आली.

"हाक मारा त्याला," ती म्हणाली. "तुमच्याच हाकेनं यायची सवय हाय त्याला."

खाजामियाँ घाबरला. पण वर्षभर हेच एक आपल्या हातून राहिलं आहे असं ज्याला वाटत होतं, तो नाही कसं म्हणणार? त्यानं आधी गोदीला हाक मारली. "आले," म्हणत ती चढली. मग झाडाकडं तोंड करून, नेहमीच्या मोठ्या आवाजात, त्यानं शहादेवाला घरी चल म्हटलं.

उत्तर आलं नाही. मळ्यात कुठं पाखरूसुद्धा बोललं नाही. केसरबाई गाडीत जाऊन बसली, खाजामियाँही चढला, आणि कासरा उचलणार इतक्यात दमणीची मागची फळी करकरली. पोरगं उडी मारून चढलं की ती तशी करकरायची. गोदी बसल्या जागी जरा बाजूला सरकली, शेजारी कुणाला जागा करून द्यावी तशी. आणि वर्षभर आवळीसमोर हटून थांबणारे बैल न हाकता चालू लागले.

केसरबाई हसत होती. वर्षात पहिल्यांदा. वाटभर ती हळू आवाजात बोलत राहिली, घरी गेल्यावर काय काय करायचं, कुठं झोपायचं. ती गोदीशी बोलत नव्हती एवढं खाजामियाँला कळत होतं. त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. लेकरू आलं याचा आनंद मानावा की भीती, हे त्याला समजेना.

दिवस मावळता मावळता शिवेचा दगड आला. खाजामियाँनं गाडी थांबवली आणि तुकडा ओवाळायला सांगितलं. केसरबाई हलली नाही. तिनं भाकरीचं फडकं छातीशी धरलं होतं. गाडी हाका, एवढंच ती म्हणाली.

"बाई, तुमी म्हनल्या म्हनून म्या बोलावलं त्याला," खाजामियाँ म्हणाला. "पर शिवंच्या आत न्हेता येत न्हाई. गाडीत गोदी हाय."

"तुकडा टाकायचा तो भुताला. पोटच्या पोराला न्हाई टाकत कुनी. माझं लेकरू हाय, माझ्या घरी न्हेतेय."

खाजामियाँनं कासरा मांडीवर ठेवला. गाडी हाकणार नाही, एवढंच त्याच्या हातात होतं. तेवढ्यात मागून गोदीचा बारीक आवाज आला.

"आई, दादाचा हात इतका गार कावून हाय? मलाबी गार लागतंय."

केसरबाईनं गोदीच्या कपाळाला हात लावला. चटका बसल्यासारखा तो तिनं लगेच मागं घेतला. तिच्या तोंडावरचं हसू गेलं, आणि खाजामियाँनं मान फिरवली, कारण ते जाताना बघणं त्याला जमलं नाही. मग तिनं फडकं सोडलं, भाकरी गोदीवरून उतरवली आणि खाली उतरली. भाकरी तिनं टाकली नाही. दगडापाशी पदरानं जागा झाडली, फडकं अंथरलं, त्यावर भाकरी ठेवून मोडून घास केले, लहान मुलाला करून द्यावेत तसे.

"तूप-गुळाची हाय," ती म्हणाली. "सावकास जेव. घरी गोदी हाय रं, शहादेव. म्हनून."

गाडीची मागची फळी एकदा करकरली. गोदी तोंडात बोट घालून आडवी झाली आणि क्षणात झोपी गेली. खाजामियाँनं भीतभीत तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ साधं, कोमट होतं.

त्यानं तिला हलवून उठवलं. झोपलेल्या लेकराला तो आता कधी तसं नेणार नव्हता. "चल गोदी, घरी चल," तो म्हणाला. ती झोपेतच "आले" म्हणाली.

केसरबाई मात्र दगडापाशी बसूनच होती. ती उठेल, चढेल, म्हणून त्यानं वाट पाहिली. अंधारात तिचं लुगडं आणि दगड वेगळे दिसेनात. मग खाजामियाँच्या ध्यानात आलं, की या बाईचाही जीव वर्षापूर्वी आवळीखालून घरी आलाच नव्हता. पडदा उचलून त्या दिवशी त्यानं सगळी पोरं पाहिली होती. तिच्याकडं कुणी पाहिलं होतं?

कारकुनाची बायको ती. माहेर सुटल्यापासून तिला कुणी नुसत्या नावानं बोलावलं नसेल. खाजामियाँ गाडीतून उतरला, बैलांपुढं उभा राहिला, आणि पोरांना मारायचा तशी त्यानं हाक मारली.

"चल केसर, घरी चल."

एका हाकेला ती आली नाही. त्यानं दुसरी मारली, तिसरी मारली. आवाज फाटला तरी तो थांबला नाही. शेवटी दगडाजवळून, रडून बसलेल्या आवाजात, "आले" असं ऐकू आलं, आणि तेव्हा कुठं त्यानं कासरा हातात घेतला.