व्होल्तेराच्या वेशीतली बाई

आधीच सांगतो, मी या ग्रुपवर येतो ते तुमच्या अनुभवांमध्ये खोट काढायला. घरात म्हणायचे, बाबा भुताकडे पण ड्रॉइंग मागतील. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय...

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं वर्कशॉप आहे. इमारतींची, टाउनशिपची मॉडेल्स बनवतो. राहायला अल नहदात. बायको, वर्षा, यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर गेली. हार्ट. तेव्हापासून मी ठीक आहे. जेवतो, झोपतो, ट्रॅफिकमध्ये हॉर्न वाजवतो. रडू मात्र आलं नव्हतं. एकच गोष्ट डोक्यात बसलीय — अंत्यविधीच्या धावपळीत कुंकवाचा करंडा घरीच राहिला. सवाष्ण बाई, आणि मोकळ्या कपाळाने गेली.

मॉडेलमधली माणसं वर्षा घरी डायनिंग टेबलवर रंगवायची. तांदळाच्या दाण्याएवढी असतात, नाकडोळे नसतातच. प्रत्येक मॉडेलमध्ये एका बाईच्या कपाळावर ती बारीक ब्रशने लाल ठिपका द्यायची. "आपलं एक माणूस असू दे तिथे," म्हणायची. चटकन दिसायचा नाही, म्हणून कुणी कधी हरकत घेतली नाही.

ती गेल्यावर नेमकं व्होल्तेराचं काम आलं. इटलीतलं डोंगरावरचं गाव, दुबईतल्या एका प्रदर्शनासाठी. यूट्यूबवर बघून बघून वर्षाला ते पाठ झालं होतं. व्हिसाची अपॉइंटमेंटसुद्धा घेतली होती आम्ही. आधी डोंगराचे थर कापले, मग रोमनांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांची तटबंदी आणि वेस, कडेला रोमन थिएटर, वरती रेनेसान्सच्या हवेल्या. वेशीवर तीन दगडी मुंडकी आहेत, झिजून चेहरेच उरले नाहीत. तीही मीच कोरली. हात काम करत होते, मला काही वाटत नव्हतं.

या मॉडेलमध्ये सगळं पांढरं हवं होतं, माणसंही. आमच्याकडे माणसं सगळ्यात शेवटी लावतात. मी एकट्याने लावली. वेशीत एक बाई ठेवली, बाहेर तोंड करून. वर अ‍ॅक्रिलिकचं कव्हर स्क्रूने बसवलं.

हँडओव्हरला क्लायंटकडची लेबनीज मॅडम आली. बराच वेळ वाकून बघत होती. मग इंग्रजीत म्हणाली, "गेटमधल्या बाईवर ते लाल काय आहे?"

मी भिंग लावलं. ठिपका. कपाळावर, बरोबर मध्ये.

आमचा फोरमन रफीकभाई लगेच म्हणाला, "मैंने हाथ भी नहीं लगाया, कसम से." खरंच बोलत होता. लाल रंग वर्कशॉपमध्ये नव्हताच, तो घरी वर्षाच्या डब्यात.

"जस्ट वाइप इट, हबीबी. यल्ला," मॅडम म्हणाली.

कव्हर काढलं. कापसाची काडी हातात घेतली... आणि पुसवेना. बाईचं कुंकू मी कसं पुसू? मॅडमला काय सांगणार. "बदलून देतो," म्हटलं. चिमट्याने ती बाई उचलून टिश्यूत ठेवली, तिच्या जागी माणसांच्या पाकिटातली दुसरी कोरी बाई लावली, तशीच बाहेर तोंड करून. मॅडमला भिंगातून दाखवली आणि कव्हर परत बसवलं.

घरी मृण्मयीने, माझ्या मुलीने, टिश्यूतली बाई भिंगाखाली धरली. "बाबा, देअर्स नथिंग. शी इज ऑल व्हाइट." मीही बघितलं. कोरी होती.

प्रदर्शन सुरू झाल्यावर मॅडमचा फोन आला. बदलली म्हणालात, ठिपका तर आहेच. तीच म्हणाली, "खलास, राहू दे आता. लोकांना आवडतोय."

गोंदाची रिअ‍ॅक्शन म्हणा, दुःखाने माझं डोकं फिरलंय म्हणा — मी दोन्ही मानून बघितलं. पण मग मॅडमला काय दिसलं? कुठल्याच बाजूने जुळत नाही. शोधणं सोडलंय मी.

मी अजून तिथे गेलेलो नाही. मृण्मयी गेली. मी घरी परतत होतो तेव्हा तिचा फोन आला.

"आहे ठिपका?" मी विचारलं.

"हं."

"तोंड बाहेरच आहे ना? मी तशी ठेवली होती."

"नाही बाबा," एरवी इंग्रजीत बोलणारी माझी पोर मराठीत म्हणाली. "मला पलीकडून जाऊन बघावं लागलं. आई आत चाललीय."

मी गाडी बाजूला घेतली, आणि वर्षा गेल्यापासून पहिल्यांदा रडलो.