न भरलेला चटका

आमच्या आत्याच्या पायाला भिंगरी होती. बोलायचीसुद्धा ती चालता चालता. उभा जन्म लाँड्रीत इस्त्री करण्यात गेला आणि दोन्ही हात चटक्यांच्या खुणांनी भरले. डाव्या हाताने बाही ताणून धरायची, उजव्याने इस्त्री फिरवायची. घाई झाली की डाव्या मनगटाच्या वर हमखास चटका बसे. त्यावर पाणी मारून ती पुढचा शर्ट ओढायची. कुणी हळहळलं तर म्हणे, कातडी माझी आहे, ती तिचं बघून घेईल. आणि खरंच, आठवड्याभरात खपली पडून जायची.

सत्तरी ओलांडली तरी तिने काम सोडलं नाही. गेल्या वर्षी लाँड्रीच्या छताचं काम निघालं आणि मालकाने दुकान बंद ठेवलं. झालं, आमच्या घरात बाईसाहेबांच्या येरझाऱ्या सुरू. मला अगदी उबग आला. शेवटी मटाराच्या शेंगा पुढ्यात टाकल्या, तेव्हा कुठे ती ओट्याशी थांबली. बाह्या वर सारल्या, तर मनगटाच्या वर ओला, लालसर चटका. कडा जाड झालेल्या.

"हा कधी बसला?" मी विचारलं.

"बसला असेल परवा. रोजचंच आहे."

"परवा कसा बसेल? महिना होत आला, इस्त्रीला हात लावलेला नाहीस तू."

तिचा हात शेंगेवरच राहिला. नेहमीच्या जागी नेहमीचा चटका, म्हणून दर वेळी ती तो नवाच समजत आली होती. हा जुनाच होता, भरलाच नव्हता. कधीपासूनचा, हे तिलाही सांगता येईना. मला तिचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

डॉक्टरांनी चटक्याच्या जागेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कातडीचा कॅन्सर निघाला. आत्या त्यांच्याशीच वाद घालायला लागली, की तरुणपणी याहून मोठे चटके बसले, तेव्हा कसं काही झालं नाही? डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. पेशी तेव्हाही बिघडतात, म्हणाल्या, पण शरीराचे राखणदार चपळ असतात, बिघडलेली पेशी हुडकून संपवतात. वय झालं की तेही थकतात, नव्यांची भरती कमी होते. त्यात तुमचं वर्षानुवर्षांचं भाजणं. एखादी पेशी सुटते त्यांच्या हातून.

चटक्याची जागा कापून काढली. काखेतही एक गाठ लागत होती. कॅन्सर पसरलाय की नाही, ते त्या गाठीच्या रिपोर्टवर ठरणार होतं. ते दिवस मला विचारू नका. मी आवरलेलं कपाट पुन्हा उपसत होते, फोन वाजला की हातातलं टाकून धावत होते. आत्या अभ्रे काढायची आणि तेच परत घालायची.

रिपोर्ट चांगला आला. गाठ साधी निघाली. मी आधी रडले, मग आत्याच्या पाठीत एक धपका घातला आणि म्हटलं, सुटलीस एकदाची.

आत्या हसली नाही. "हातावर होतं म्हणून तुला दिसलं," ती म्हणाली. "आत कुठे अशी एखादी पेशी सुटली, तर कोण बघणार?"

मी म्हटलं, दर तीन महिन्यांनी तपासायला बोलावलंय ते त्यासाठीच. तिने मान डोलावली. तिला पटलं नाही, हे मला कळलं. मलाही पुरतं पटलेलं नव्हतं.