इथेनॉलच्या माथी

३ जुलै २००९. टाकीत काठी सोडून, तळाला पाणी नाही ना हे बघून आत्ताच येऊन बसले. परतूर रस्त्यावर माझा पेट्रोल पंप आहे. हे काम रोजचं. पुढचं मात्र आजवर कुणापाशी बोलले नाही — नवऱ्यापाशीसुद्धा.

पेट्रोलमध्ये शंभराला पाच इथेनॉल यायला लागलं, तेव्हाची गोष्ट. साखर कारखान्यातल्या मळीपासूनचं हे अल्कोहोल पाणी ओढतं, टाकी कोरडी ठेवा, असं कंपनीने बजावलं होतं. पूर्वी थोडं पाणी तळाशी पडून राहायचं, खपून जायचं. अकरा वर्षं माझ्याकडे असलेले कचरूभाऊ म्हणाले, "वैनी, झाकणाचं रबर गेलंय. जल्दी बदला, पावसाचं पाणी उतरंल." मी म्हटलं, बघू. काय बघायचं होतं त्यात? रबर ते केवढं!

पाऊस झाला. सकाळची तपासणी मी स्वतः करायची — दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता ना! त्या दिवशी मीच केली नाही. कंटाळा, दुसरं काही नाही. दुपारी माणसं मोटारसायकली ढकलत परत आली. "वैनी, पेट्रोल देऊन राह्यल्या का देशी?"

मग मी भाषणच ठोकलं. साखरवाल्या पुढाऱ्यांची मळी खपत न्हाई, म्हणून सरकार ती तुमच्या गाडीत ओतून राह्यलंय! किती चटकन पटलं सगळ्यांना — उसाचा भाव थकवणाऱ्या कारखान्यांवर राग होताच. अजून पटतं, अजून मला येऊन तेच ऐकवतात. वैताग येतो. शंभरातल्या पाचाने गाड्या बंद पडत नाहीत हो, पाण्याने पडतात. आणि ते पाणी माझं होतं.

संध्याकाळी कंपनीचे साहेब आले. काठीला लावलेल्या पेस्टचा रंग बदलला, म्हणजे तळाला पाणी. त्यांच्यापुढे भाषण चालणार नव्हतं. सकाळी कुणी तपासलं, त्यांनी विचारलं. पंप जाईल — एवढंच मला दिसलं. मी म्हणाले, कचरूभाऊंनी.

ते शेजारीच उभे होते.

"वैनी म्हणतेत ते बराबर," एवढंच बोलले. साहेबांनी सांगितलं, हा माणूस उद्यापासून इथं नको. मी मान डोलावली. का नाही बोलले? तोंड तर होतं.

रात्रीतून टाकी उपसून नवं पेट्रोल भरून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरूभाऊ नेहमीच्या वेळेला आले, कामाला उभे राहिले. मी त्यांच्या हातातलं नोजल काढून घेतलं, गिऱ्हाइकांसमोर पंपाचा सदरा उतरवायला लावला, आणि ते बनियनवर रस्त्याला लागले तेव्हा रांगेतल्या पहिल्या गाडीत पेट्रोल सोडलं.