संपलं की गप्प बसणारा प्लेअर

विक्रोळीच्या बुद्धविहारात, मामा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या साउंडवाल्या काकांचं नाव मी विचारलं नाही. जुन्या लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनवर एका बोटाने ओळ टाईप करून त्यांनी एक जुनाट ऑडिओ प्लेअर त्यात टाकला.

“बटण कुठंय?” मी विचारलं.

“नाही गं. फाइलचं नाव लिहायचं, एंटर मारायचा. संपली की गप्प बसतो. मागे मोबाइल लावला, तर वंदनेनंतर टूथपेस्टची जाहिरात लागली.”

मला तो प्लेअर लगेच आवडला.

काकांनी वंदनेच्या फाइलची ओळ लिहून एंटर मारला. वंदना संपली. “आता भाची दोन शब्द बोलेल,” कुणीतरी म्हणालं. मी मागे सरकले. काकांनी माइक पुढे केला, माझ्याकडे पाहिलं आणि तो परत खाली ठेवला. मग वंदनेची तीच ओळ पुन्हा टाईप केली.

सगळ्यांनी पुन्हा हात जोडले.